चारशे ग्रॅमची झोळी

नसरीनचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. "मावशी, अम्मी गेली," एवढंच ती आधी म्हणाली, मग बाकीचं सांगितलं. सकाळी चहाचं आधण ठेवलं होतं म्हणे, साखरेचा डबा काढायला हात वर केला आणि तिथेच ओट्याशी बसली. साखर तिला कित्येक वर्षांपासून बंद होती, तरी रोज चमचाभर घालायचीच... डॉक्टरांशीसुद्धा भांडणारी बाई. मिळेल ती एसटी पकडून मी यवतमाळहून आर्णीला आणि तिथून ऑटोने गावात पोचले, तोवर दुपारची नमाज होऊन माणसं कब्रस्तानातून परतायला लागली होती. मी ओसरीत बायकांमध्ये जाऊन बसले. कोणीतरी पाण्याचा ग्लास हातात दिला. मला रडू आलं नाही. आठ-दहा दिवसांनी येईल असं वाटलं होतं, पण आठ-दहा दिवसांनी आला तो राग. आज महिना उलटून गेला तरी तो उतरलेला नाही.

जमिला शेख. आर्णीपासून आत, आडवळणाच्या एका गावात ती सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं अंगणवाडी सेविका होती. त्यातली काही वर्षं मी तिची मुख्यसेविका होते, म्हणजे तिच्या कामावर देखरेख ठेवणारी, सरकारी पगाराची बाई. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या माणसांना अजून तिथेच राहायचं आहे. तिच्या जाण्यानंतर कार्यालयात शोकसभा झाली, मलाही बोलावलं होतं. फोटोला हार होता, उदबत्ती होती, आणि तिला आयुष्यात कधी न भेटलेले एक तरुण अधिकारी कागदावरून वाचत होते. जमिलाबाई अत्यंत हसतमुख, मनमिळाऊ आणि सेवाभावी होत्या. कापूस संकटाच्या काळात त्यांनी कुपोषणाविरुद्ध युद्धपातळीवर काम करून आपलं गाव कुपोषणमुक्त केलं... मग दोन मिनिटं शांतता, आणि मग चहा-बिस्किटं. मी उठून उभं राहायला हवं होतं. गुडघे दुखतात हे कारण सांगता येईल, पण मी उभी राहिले नाही हे खरं. बसून चहा प्यायले. तो चहा अजून घशाशी आहे, म्हणून हे लिहिते आहे.

तर पहिली गोष्ट, जमिला हसतमुख वगैरे अजिबात नव्हती. ठेंगणी, रुंद हाडाची, डोक्यावरचा पदर कानामागे घट्ट खोचलेला आणि कपाळावर कायमची आठी. ती हसली की समोरच्याला शंका यायची, आता काय चुकलं आपलं. मनमिळाऊ तर त्याहून नव्हती. सरपंचाशी भांडली, रेशन दुकानदाराशी भांडली, स्वतःच्या नवऱ्याशी, म्हणजे ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या रशीदभाईंशी, रोज सकाळी नेमाने भांडायची. माझ्याशी तर ओळखच भांडणातून झाली. मेलेल्या माणसाला गोड करून टाकण्याची ही जी आपली खोड आहे ना, तिचा मला तिटकारा आहे. गोड माणसाने काही मागितलेलं नसतं, त्यामुळे आपण काही दिलं नाही याची लाज वाटत नाही.

आणि दुसरी गोष्ट ती युद्धपातळी. तो शब्द मी त्या वर्षांत इतक्या पत्रकांवर वाचला आहे की आजही कुठे छापलेला दिसला तर पान उलटते. कापसाची ती वाईट वर्षं... त्या काळात आमच्या जिल्ह्यात जेवढ्या गाड्या आल्या तेवढ्या त्याआधी आल्या नाहीत, नंतरही नाहीत. लाल दिव्याच्या, कॅमेऱ्याच्या, दिल्लीच्या, परदेशी पाहुण्यांच्या. ज्या घरात कर्जापायी शेतकऱ्याने जीव दिला त्या घरासमोर सगळ्या थांबायच्या. पाहुणे भिंतीवरचा हार घातलेला फोटो बघायचे, बाईला चार प्रश्न विचारायचे आणि पुढच्या गावाला निघायचे. त्याच घरात, खाटेच्या पायाशी, दीड वर्षाचं लेकरू मातीत बोट घालून चाटत असायचं. ते कोणालाच दिसत नसे. फोटो भिंतीवर होता, लेकरू खाली होतं, आणि मान खाली घालायची कोणाची तयारी नव्हती. मग कोणाच्या तरी लक्षात आलं आणि वरून पत्रक निघालं की माता-बालकांच्या सेवा युद्धपातळीवर राबवा. ठीक आहे, युद्ध म्हणता, तर हत्यार तरी धड द्या! आम्हाला मिळाला होता एक टांगायचा तबकडीचा काटा, ज्याचा शून्यावर आणायचा स्क्रू पहिल्याच पावसाळ्यात गंजून बसला. एक वजनाची झोळी, जी दोन महिन्यांत उसवली. आणि सुकडीची, म्हणजे लेकरांच्या सरकारी पूरक आहाराची पोती, जी पाखडल्याशिवाय लेकराच्या तोंडापुढे धरायची हिंमत होत नसे. एवढ्यावर आमचं युद्ध.

मी नवीन बदलून आले तेव्हा जमिलाच्या अंगणवाडीला अचानक भेट द्यायची ठरवली. सकाळचे अकरा वाजले होते आणि दाराला कुलूप. मला मनातून बरंच वाटलं, आल्या आल्या एक कामचुकार बाई सापडली. शेजारच्या म्हातारीने वावराकडे हात केला. वेचणीचे दिवस होते, तास-दीड तास मी धुऱ्याधुऱ्याने, बांधांवरून चालत गेले, चपलेत बोंडांची टरफलं टोचत होती. एका बाभळीखाली तीन लुगड्यांचे झोके बांधले होते, तिन्हीत लेकरं. बाभळीच्या फांदीला आमचा सरकारी काटा टांगलेला, खाली सुकडीचा पत्र्याचा डबा, आणि जमिला एका पोराच्या तोंडात घास कोंबत होती. मी सगळा अधिकार गोळा करून म्हटलं, "बाई, अंगणवाडी सोडून वावरात काय करता?" तिने वरसुद्धा पाहिलं नाही. "म्याडम, अंगणवाडीत चार भिंती हायेत. लेकरं इथं हायेत. तुमी कोनाचं वजन पाह्याले आल्या, भिंतीचं?"

वेचणीला बाया उजाडताच निघायच्या, तान्ही लेकरं कडेवर, मोठी मागे. दहा वाजता उघडणाऱ्या अंगणवाडीत यायला गावात उरायचं कोण? हे आमच्या एकाही साहेबाच्या डोक्यात आलं नव्हतं, पत्रक काढणाऱ्याच्या तर नाहीच. म्हणून ती काटा खांद्यावर टाकून कापसाच्या मागे मागे हिंडायची. आज या वावरात, उद्या त्या. माझी तिच्याशी दोस्ती झाली ती तिथून. आधी ती मला म्याडम म्हणायची आणि मी तिला बाई. पुढे मी आपा म्हणायला लागले. ती मात्र लोकांपुढे म्याडमच म्हणत राहिली, घरी आले की सुनंदाताई.

लेकराचं वजन करायला आया तयार नसत. तोललेलं लेकरू वाढत नाही, नजर लागते असं सगळ्या मानत, आणि पहिलटकरणी तर काटा पाहिला की पदराखाली पोर झाकायच्या. प्रशिक्षणात आम्हाला यावर एक व्याख्यान दिलं होतं, अंधश्रद्धा दूर करा म्हणून. जमिला व्याख्यानं देत नसे. तिच्या ब्लाउजमध्ये काजळाची एक चपटी डबी असायची. आधी ती बोटाने काट्याच्या काचेला तीट लावायची. "नजर लागन तं काट्याले लागन. तुह्या पोराले कायले लागते?" बाई हसायची आणि पोर पुढे करायची. दर लेकरामागे एक तीट. वर्षभरात त्या काचेच्या कडा इतक्या काळ्या झाल्या की आकडे वाचायला डोळे बारीक करावे लागत. सरकारी वस्तू घाण केली म्हणून मी एकदा तिला बोलले होते... आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

एकदा मी तिथे असतानाच शेजारच्या तासात, म्हणजे कपाशीच्या ओळीत, फवारणी सुरू झाली. वारा झोक्यांकडे वाहत होता आणि त्या औषधाचा वास असा की डोळे चुरचुरायला लागले. जमिला सरळ पंपासमोर जाऊन उभी राहिली. वावराचा मालक धावत आला. "आपा, तुमचं काम खिचडी वाटाचं. वावर माहं हाय." ती म्हणाली, "वावर तुमचं. वारा कोनाचा हाय?" पंप थांबला, आम्ही झोके सोडून वाऱ्याच्या वरच्या अंगाला नेले, आणि चार दिवसांत कार्यालयात तक्रार आली की सेविका अंगणवाडी बंद ठेवून शेतात फिरते. तिला कारणे दाखवा नोटीस द्यायची पाळी माझ्यावरच आली. तिने सही केली, घडी घातली आणि विचारलं, "झालं? आता त्या बाया औषधाच्या रिकाम्या डब्यात पानी भरून आनते, त्याच्यावर कोनाले नोटीस देता?" त्यानंतर वावरात असा डबा दिसला की ती खिळ्याने त्याच्या बुडाला भोक पाडायची. बायका शिव्या द्यायच्या, ती दुसरा डबा शोधायची.

आता झोळीचं सांगते. सरकारी झोळी उसवली तेव्हा नवी येईल म्हणून आम्ही तीन पत्रं पाठवली. आली नाही. जमिलाने स्वतःचं एक जुनं सुती लुगडं दुहेरी करून, मधे गोधडीचा तुकडा घालून झोळी शिवली. घट्ट, दणकट, लेकराला रुतू नये अशी. पण ती जड होती, चारशे ग्रॅम भरायची. काट्याचा स्क्रू बसलेला असल्याने काटा झोळीसकट शून्यावर आणता येत नसे. रशीदभाईंनी डिझेल टाकून पाहिलं, हातोडी मारून पाहिली, तो हलला नाही. मग तिने सोपी रीत काढली. आधी रिकामी झोळी टांगायची आणि मोठ्याने म्हणायचं, "चारसे." मग तीट. मग लेकरू झोळीत. मग आकडा मोठ्याने, आणि त्यातून चारशे वजा करून खरं वजन, तेही मोठ्याने. भोवती बसलेल्या बाया मान डोलवायच्या. हा हिशोब त्यांना शिकवावा लागला नाही. रोज संध्याकाळी त्यांनी वेचलेला कापूस मालक तोलायचा, तेव्हा गाठोड्याच्या फडक्याचं वजन आधी वजा व्हायचं. ते कोणी विसरत नसे. फडकं ओलं असलं तर जास्त वजा व्हायचं. त्यामुळे एखादीने हसत विचारावं, "आपा, कापडाचे काढले का?" आणि जमिलाने गुरकावून म्हणावं, "काढले वं, माय!"

आणि मग वरून तपासणीचं पथक येणार अशी बातमी आली. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, वयाच्या मानाने वजन किती कमी आहे त्यावरून आम्ही मुलांच्या चार श्रेणी लावायचो. तिसरी आणि चौथी म्हणजे धोक्याची. त्या मुलांची यादी व्हायची, त्यांना दुप्पट आहार मिळायचा आणि दवाखान्याची गाडी गावात येऊन त्यांना घेऊन जायची. दुसऱ्या श्रेणीला यातलं काहीच नाही. मासिक बैठकीत आमचे त्या वेळचे साहेब खुर्चीत मागे रेलून, पंख्याकडे बघत म्हणाले, "तिसरी-चौथी श्रेणी एवढी कशी दिसते? वर काय तोंड दाखवायचं? झोळी वजा करत बसू नका. झोळीसकट वजन घ्या. सगळीकडे तसंच घेतात." लेखी काही नाही. असल्या गोष्टी लेखी नसतातच. आम्ही सगळ्या मुख्यसेविका पुढ्यातल्या वह्यांकडे पाहत बसलो. माझी यवतमाळच्या बदलीची फाईल त्या साहेबांच्याच टेबलावर होती, मुलगा दहावीत जाणार होता. हे मी कारण म्हणून सांगत नाही. फाईल तिथे होती, एवढं सांगते.

महिनाअखेरचं वजन घ्यायला मी स्वतः जमिलाकडे गेले. शेवंता नावाची बंजारा तांड्यावरची बाई आपली पात, म्हणजे वेचायची ओळ, अर्ध्यावर टाकून धावत आली होती, केसांत कापूस अडकलेला. तिची मुलगी आरती चौदा महिन्यांची, अजून आधाराशिवाय बसत नव्हती. डोळे तेवढे मोठे. "याडी, याडी" अशी तांड्याच्या बोलीत आईला बारीक आवाजात हाक मारून तिचा पदर ओढायची, बास. जमिलाने झोळी टांगली. "चारसे." तीट लावली. आरतीला आत ठेवलं, काटा हलून थांबला. "सहा दोनसे. चारसे गेले. पाच आठसे... म्याडम, तिसरी."

मी म्हटलं, "आपा, सहा दोनशे लिहा."

"झोळी?"

"झोळीसकट. वरून सांगितलंय."

"म्याडम, झोळी काय लेकराच्या अंगावरचं मास हाय?"

"वाद घालू नका. पथक जाऊ द्या, पुढच्या महिन्यात नीट लिहू."

"लेकरू थांबन का पुढच्या महिन्यालोक?"

शेवंताला श्रेणी कळत नव्हत्या, पण तोलणं कळत होतं. तिने आरतीला झोळीतून उचललं आणि मला साधंच विचारलं, रागाने नाही, खरंच कळावं म्हणून. "बाई, कापसात तं मालक कापडाचे काढते. माह्या पोरीचे काहून नाही काढून राह्यल्या?"

जमिला लिहीत नव्हती, म्हणून मी रजिस्टर ओढलं, माझं पेन काढलं आणि माझ्या अक्षरात लिहिलं, सहा किलो दोनशे, दुसरी श्रेणी. खाली सही केली. अक्षर माझं चांगलं आहे, शाळेत बक्षीस मिळालं होतं.

दवाखान्याची गाडी चौथ्या दिवशी आली. मी तिथे नव्हते, हे सगळं जमिलाने मला नंतर सांगितलं, एकदाच, एका दमात. ती शेवंताला वावरातून ओढत घेऊन आली होती. गाडीतल्या माणसाने यादीवरून बोट फिरवलं. हिचं नाव नाही. जमिला म्हणाली, चूक आहे, माझ्यासमोर झाली आहे, लेकराकडे पाहा, कागदाकडे कायले पाह्यता? तो म्हणाला, बाई, मुख्यसेविकेची सही आहे, मी काय करू. गाडी निम्मी रिकामी होती. निम्मी रिकामी गाडी धूळ उडवत गेली आणि शेवंता उरलेली पात वेचायला परत गेली, कारण दिवस बुडायचा होता. पुढच्याच आठवड्यात आरतीला हगवण लागली. जमिला आणि शेवंता तिला एसटीने यवतमाळला घेऊन गेल्या. डॉक्टरांनी हातपाय तपासले, शीर सापडेना. ते म्हणाले, आठ दिवस आधी आणलं असतं तर... दुसऱ्या दिवशी दुपारी आरती गेली. मृत्यूच्या नोंदीत कारण लिहिलं, अतिसार. आमच्या रजिस्टरात तर ती दुसऱ्या श्रेणीची, बऱ्यापैकी ठीकठाक मुलगी होती. पथक आलं, आकडे पाहून खूश झालं, पाहुणचार घेऊन गेलं.

काही महिन्यांनी कार्यक्रम झाला आणि जमिलाच्या गावाला कुपोषणमुक्तीचं प्रशस्तिपत्र मिळालं. काच लावलेलं, सोनेरी किनार. ती आली नाही. त्या दिवशी वजनाचा दिवस आहे असा निरोप तिने पाठवला. मी तिच्या वतीने मंचावर गेले, टाळ्या घेतल्या आणि ते प्रशस्तिपत्र तिच्या घरी पोचवलं. तिने पदराने काच पुसली, अक्षरं वाचली आणि ते नेऊन सुकडीच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवलं. "बरं झालं आनलं. उंदीर लय झालते." ती मागे वळली तेव्हा मला दारातल्या दोरीवर झोळी वाळत घातलेली दिसली. दोन्ही बाजूंनी, तळहाताएवढ्या आकड्यांत, लाल दोऱ्याने शिवलं होतं, ४००. मी पाहते आहे हे तिने पाहिलं. "शिवून टाकलं मी. आता कोनाले इसरता नाही येनार." नंतर ज्याने ज्याने तिच्याकडे झोळीसकट वजन लिहायला सांगितलं, त्याच्या नाकासमोर तिने ती झोळी धरली. साहेबांना बढती मिळाली. माझी फाईलही हलली. मी यवतमाळला आले.

तुम्हाला वाटेल मग आमची मैत्री कशी टिकली. मलाही वाटतं. वर्षभर ती माझ्याशी कामापुरतंही बोलली नाही, आणि मग एका ईदेला नसरीनच्या हाती शीरखुर्म्याचा डबा आला, चिठ्ठी नाही, काही नाही. पुढे साखरेच्या तपासणीला यवतमाळला आली की माझ्याकडे मुक्काम. एकदा असंच दुपारी आम्ही दोघी गच्चीवर पापड उलटत होतो, मी तिची माफी मागितली. ती भडकलीच. "मले काहून माफी मांगता? मी बी तं पाह्यत राह्यली. रजिस्टर तुमच्या हातातून हिसकून घ्याले काय झालतं मले? मांगाची असन तं शेवंताले मांगा. तिले सांगा, पोरीचं वजन किती होतं."

शेवंता तोवर तांडा सोडून गेली होती. पांढरकवड्याच्या पुढे, हैदराबाद रस्त्याच्या अंगाला कुठेतरी कामाला गेली असं कळलं होतं. जमिला दर ईदेला, दर तपासणीला विचारायची, "सांगतलं का?" मी म्हणायचे, अजून सापडली नाही हो आपा. सापडत नव्हती हे खोटं. मी शोधलंच नाही. एसटीचं तिकीट काढून एक दिवस जायचं, चार तांड्यांवर विचारायचं, एवढंच होतं. त्या साहेबांवर मी आजही चिडते, गाडीतल्या त्या माणसावर चिडते, शोकसभेतल्या त्या पोरगेल्या अधिकाऱ्यावर तर इतकी की त्याचा काही दोष नाही हे मला वारंवार स्वतःला सांगावं लागतं. पण खरा संताप येतो तो या हातावर. वरून सांगितलं म्हणणं सोपं असतं. वरच्या कोणीही पेन धरलं नव्हतं.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी नसरीनकडे गेले होते. घर आवरलेलं होतं. सुकडीचा डबा आता तिच्याकडे पिठाला आहे, आणि वर झाकण तेच, सोनेरी किनार उडालेलं. नसरीनने आतून एक पिशवी आणून माझ्या मांडीवर ठेवली. "अम्मीने सांगितलं होतं, हे मावशीला द्या म्हणून. काटा कार्यालयात जमा केला, पण हे तिचं स्वतःचं होतं." आत झोळी होती. धुवून, चौकोनी घडी घातलेली, लाल दोरा थोडा फिकट झालेला. घडीत काजळाची ती चपटी डबी. दोन्ही वस्तू आता माझ्या देवघराशेजारच्या फळीवर आहेत. सकाळी दिवा लावायला गेले की ४०० असं दिसतं आणि जमिलाचा आवाज येतो, सांगतलं का?

आपा, पुढच्या आठवड्यात मी पांढरकवड्याला निघते आहे. झोळी सोबत नेते आहे. सापडेलच असं नाही, फार वर्षं झाली, म्हणून आधी इथे लिहून ठेवते. शेवंताला वाचता येत नाही, पण कोणाला तरी येत असेल. तिच्या तांड्यावरच्या, तिच्या ओळखीच्या कोणी हे वाचलं तर तिला मोठ्याने वाचून दाखवा, जमिला वाचायची तसं.

आरती. आईचं नाव शेवंता. वय चौदा महिने. झोळीसकट सहा किलो दोनशे. चारशे गेले. वजन पाच किलो आठशे. तिसरी श्रेणी.